पाच वाजताची तालीम

माझ्या खोलीच्या दारासमोर बसून तांदूळ निवडायचं काकूंना काही कारण नव्हतं. त्यांचं स्वयंपाकघर खाली, पंखा खाली, टीव्ही खाली. वर जिन्याच्या तोंडाशी मार्च संपता संपता भट्टी लागल्यासारखं व्हायचं. तरी मी संध्याकाळी दार उघडलं की काकू ताट मांडीवर घेऊन समोरच बसलेल्या.

"खाली उजेड नाही गं," त्या म्हणाल्या.

खाली अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. मी तांब्या भरून घेतला आणि परत आत आले. कडी लावताना मुद्दाम आवाज केला. ताटात तांदूळ सरकल्याचा आवाज काही ऐकू आला नाही. म्हणजे त्या निवडत नव्हत्या, ऐकत होत्या.

मी माळशिरस तालुक्यातल्या एका वस्तीवरची. घरी ऊस, थोडी मका, दावणीला म्हशी. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सोलापूरला मेकॅनिकल इंजिनीअरिंग. शेवटच्या वर्षी वसतिगृह सोडून मी शुक्रवार पेठेत काकूंकडे खोली घेतली होती. काकूंचे मालक वारलेले, मुलगा पुण्याला. वरच्या दोन खोल्या त्या फक्त मुलींना द्यायच्या. त्या वर्षी दुसरी खोली रिकामीच होती, त्यामुळे काकूंचं सगळं लक्ष माझ्या एकटीवर.

आधी तसं नव्हतं. पाणी यायच्या दिवशी आम्ही दोघी मिळून पिंपं भरायचो. त्या मला शेंगाची चटणी द्यायच्या, मी त्यांना फोनचं रिचार्ज करून द्यायचे. सगळं बिघडलं ते माझ्या सेमिनारमुळं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला तांत्रिक लेखन आणि सादरीकरण नावाचा एक विषय होता. इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा, इंग्रजीत उभं राहून बोलायचं. यंत्रांच्या विषयांपुढं तो आम्हाला सोपा वाटायचा. शिकवणारे सर तरुण होते, आवाज न चढवता बोलायचे, आणि त्या वर्षी त्यांचा आमच्यापैकी कुणावरच विश्वास राहिला नव्हता. त्याला कारण होतं. फोनमध्ये मराठीत चार ओळी टाकल्या की दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत इंग्रजी परिच्छेद बाहेर पडायचा. वर्गातले निम्मे रिपोर्ट एकाच माणसानं लिहिल्यासारखे आले होते.

सरांनी एकेकाला पुढं बोलावून रिपोर्ट परत दिले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी पान उलटून एका शब्दावर बोट ठेवलं.

"मोअरओव्हर. याचा अर्थ?"

"शिवाय," मी म्हणाले.

"बोलताना कधी म्हणालीस हा शब्द?"

"नाही सर."

"आणि इथं पानापानावर आहे." त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तसं. "हे कुणी लिहिलंय?"

"मी आणि माझ्या पार्टनरनं, सर."

"बघू," ते म्हणाले. मग सगळ्या वर्गाला सांगितलं, की आता कागदाचे मार्क नाहीत. उभं राहून बोलायचं. हातात चिठ्ठी नाही, पडद्याकडं तोंड करून वाचायचं नाही. ते कुठंही थांबवणार आणि तुमचंच वाक्य तुम्हाला उलगडून सांगायला लावणार.

रिपोर्ट आमचाच होता. पण सरांनी तसं विचारल्यावर माझं मलाच कळेना, की त्यातलं माझं किती. मी मराठीत विचार करून तोडकंमोडकं इंग्रजी लिहायचे, पार्टनर ते सरळ करायचा. मोअरओव्हर सगळे त्याचे.

तो भवानी पेठेतला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा इंग्रजी. घराच्या पुढच्या भागात त्याच्या काकांचे टॉवेलचे माग होते, आणि आमचा प्रोजेक्टही त्यांच्यावरच होता. मागाचा वेग वाढला की आवाज किती वाढतो हे आम्ही कॉलेजचं मीटर लावून मोजलं होतं, आणि मागाच्या पायांखाली रबराच्या जाड गाद्या बसवून तो थोडा कमी करून दाखवला होता. काम चांगलं झालं होतं. फक्त ते मला इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

"रोज तालीम करू," तो म्हणाला. "तू बोल, मी सरांसारखा मधे थांबवतो."

कॉलेज गावाबाहेर, लॅब लवकर बंद व्हायची, आणि संध्याकाळी त्याला मागावर थांबावं लागायचं. म्हणून ठरलं की रोज पाच वाजता फोन. मी कानात इयरफोन घालून खोलीत उभी राहायची, समोरच्या भिंतीला परीक्षक समजायची आणि बोलायची. पलीकडून मागाची खटखट, मधूनच त्याच्या आईचा तेलुगूत काहीतरी प्रश्न, त्यावर त्याचं "कॉलेज, कॉलेज" असं घाईचं उत्तर, आणि मग मला: "थांब. पुन्हा. रिलेशनशिपचा उच्चार नीट कर."

एकदा इयरफोनची वायर तुटली म्हणून मी स्पीकर चालू ठेवला. त्या संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या.

"ती खटखट कसली गं तुझ्या फोनमध्ये?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"मागाची." काकूंचं सगळं आयुष्य सोलापुरात गेलेलं. तो आवाज कसला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "मागवाल्याच्या घरात कोण आहे तुझं?"

"प्रोजेक्ट आहे काकू. आवाज रेकॉर्ड केलाय."

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मी का गिळलं, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मुलाशी बोलते म्हटलं असतं तर दहा प्रश्न आले असते, एवढंच.

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांचं ते बरं मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं ताट वर आलं.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. माझ्या चपला मी काढल्या होत्या तशा नसायच्या, थोड्या सरकलेल्या असायच्या. वाळत घातलेले कपडे काकू स्वतः वर आणून द्यायच्या आणि देताना खोलीभर नजर फिरवायच्या. मी आवाज खाली आणला. त्यानं झालं उलटंच. मोठ्यानं बोलणारी पोरगी एकदम कुजबुजायला लागल्यावर ऐकणाऱ्याला काय वाटणार? मी गच्चीवर जाऊन बोलून बघितलं, तर शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघायच्या, आणि थोड्या वेळानं काकू पण काहीतरी वाळवायला घेऊन यायच्या.

माझाही स्वभाव बदलला. मी काकूंच्या घरात चहा घेणं सोडलं. पाण्याच्या दिवशी माझं पिंप मी एकटीच भरून घ्यायचे. चटणीची वाटी दारात ठेवलेली दिसली की धुऊन तशीच मुकाट्यानं परत ठेवायचे. त्या माझ्यावर पाळत ठेवतात म्हणून मी त्यांच्यावर ठेवायला लागले. खाली फोनवर त्यांचा आवाज आला की मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून माझा विषय निघतो का ते ऐकायचे.

एके दिवशी निघाला.

"इंग्लिशमध्ये बोलते ती," काकू कुणाला तरी सांगत होत्या. "मला काय कळतंय. पण प्रपोज, प्रपोज म्हणत होती. ते मालिकेत म्हणतात ना, तेच. आणि रिलेशनशिप."

मी तिथंच खाली बसले. 'वुई प्रपोज अ रबर पॅड', हे माझं वाक्य होतं. 'द रिलेशनशिप बिटवीन स्पीड अँड नॉइज', हे आमच्या प्रोजेक्टचं नावच होतं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. काकू हे आणखी कुणाकुणाला सांगतील, याचा अंदाज मी करायला लागले.

चार-पाच दिवसांनी कॉलेजातून आले तर दारात अण्णांच्या चपला.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते न सांगता कधीच सोलापूरला येत नाहीत. उसाला पाणी चालू असताना तर नाहीच. ते काकूंच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, टोपी गुडघ्यावर, हातात चहाचा रिकामा कप. काकू दाराला टेकून उभ्या. दोघंही मी आल्यावर एकदम गप्प झाले.

"अण्णा, तुमी कसं काय?"

"आलो सहज."

"आई बरी हाय का?"

"हाय की." त्यांनी कप खाली ठेवला. "बस हितं."

मी बसले. काकूंकडं एकदाही बघितलं नाही. यांनीच फोन केला, आता मला शंका उरली नव्हती.

"रोज पाच वाजता कुणासंगं बोलतीस?" अण्णांनी विचारलं.

"प्रोजेक्टच्या पार्टनरसंगं. इंग्रजीची प्रॅक्टिस करतो."

"पार्टनर म्हंजी पोरगी का पोरगा?"

"पोरगा."

काकूंनी पदर सारखा केला. अण्णांनी टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.

"मला म्हणालीस रेकॉर्ड केलंय," काकू हळूच म्हणाल्या.

"तुम्ही दारात बसून ऐकत होता," मी म्हणाले.

"ऐकणार की! का नाही ऐकणार?" त्यांचा आवाज एकदम चढला. "भाऊ, तुम्हाला सांगते. याच खोलीत आधी एक मुलगी होती. गुणी, अभ्यासू. ती पण असंच बोलायची फोनवर. मी म्हणायची, जाऊ दे, अभ्यास असेल. एक दिवस गेली ती गेलीच. लग्न केलं कुठं तरी. तिच्या घरचे आले ते माझ्या दारात. गल्ली गोळा झाली. तिचा चुलता मला म्हणाला, तुम्ही डोळे मिटून बसला होता का? मी काय उत्तर देणार?" त्या दम घ्यायला थांबल्या. "तेव्हापासून मी डोळे मिटत नाही."

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काय बोलता त्ये मला ऐकायचं हाय."

"इंग्रजीत हाय अण्णा."

"आसू दे. बोलव त्याला. हितं, आमच्या म्होरं बोला."

मी पार्टनरला फोन केला आणि सांगितलं, वडील आलेत, लॅपटॉप घेऊन काकूंकडे ये. पलीकडं माग चालू होते. तो एवढंच म्हणाला, "आत्ता?" आणि नंतर, "शर्ट बदलून येऊ का?"

तो आला तेव्हा घामानं भिजला होता. शर्ट बदललेला होता, पण केसांत कापसाची धूळ तशीच. अण्णांना नमस्कार केला, काकूंना केला, आणि बसायला सांगितलं तरी बसला नाही. अण्णांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गाव कुठलं, वडील काय करतात, भाऊ किती, असं सगळं विचारलं. त्यानं शाळेत उभं केल्यासारखी उत्तरं दिली.

"हां. आता करा काय करता त्ये," अण्णा म्हणाले.

स्टुलावर लॅपटॉप ठेवला. काकूंनी टीव्हीवर टाकलेला क्रोशाचा रुमाल उगीच नीट केला आणि त्या अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मी उभी राहिले. भिंतीपुढं बोलायची सवय झालेली, आता भिंतीच्या जागी वडील. पहिलं वाक्य निघालं, दुसरं अडकलं. पार्टनरनं हळूच शब्द दिला. मग सुरू झालं. तो मधे मधे सरांसारखे प्रश्न विचारत होता, मी उत्तरं देत होते. आलेख आला, आकडे आले. 'वुई प्रपोज' आलं तेव्हा काकू अण्णांकडं झुकल्या.

"हेच ते," त्या कुजबुजल्या.

पार्टनरनं ऐकलं. "काकू, प्रपोज म्हणजे सुचवतो आम्ही," तो लाल होऊन म्हणाला. "मागाखाली रबर घाला, असं सुचवतो."

"रबर?" काकू म्हणाल्या.

"आवाज कमी व्हायला."

"आणि रिलेशनशिप?"

"वेगाचा आणि आवाजाचा संबंध."

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग लॅपटॉपवरच्या मागाच्या फोटोकडं. त्यांचा चेहरा सैल पडला, पण पूर्ण नाही. "मग हे मराठीत सांगायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या.

आम्ही शेवटपर्यंत केलं. मी थँक्यू म्हणाले. अण्णा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, झालं, संपलं, आता चहा होईल आणि अण्णा परतीची एसटी धरतील.

"परत एकदा कर," ते म्हणाले.

"का?"

"कर की."

मी पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी लॅपटॉपकडं एकदाही बघितलं नाही. संपल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"दर वाक्याला तू ह्याच्याकडं बघतीस," ते म्हणाले. "आदी ह्याच्याकडं, मग तोंड उघडतीस. संपलं की परत ह्याच्याकडं."

कुणी कानाखाली मारावी तसं झालं मला. पार्टनरनं लॅपटॉप मिटला. त्याचा हात लॅपटॉपवरच राहिला. काकू म्हणाल्या, "मी पण बघितलं ते," आणि लगेच चहा टाकायला उठल्या.

अण्णांना स्टँडवर सोडायला मी चालत गेले. ऊन उतरलं होतं. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"तुमाला माझ्यावर इस्वास न्हाय," मी शेवटी म्हणाले. घरच्यांशी बोलताना माझी भाषा आपोआप घरची होते.

"मला इंग्रजी येत न्हाय," अण्णा म्हणाले. "काय बोलताय कळंना, म्हणून तोंडाकडं बघत बसलो. दुसरं काय करणार?" थोडं चालून मग म्हणाले, "भेतीस का त्याला?"

"त्याला कशाला भिऊ?"

"मग का बघतीस?"

"इंग्रजीला भिते. चुकलं का बरोबर हाय त्ये त्याच्या तोंडावर कळतं."

अण्णांनी मान हलवली. पटलं का नाही, ते कळलं नाही. "परीक्षेला त्यो शेजारी आसंल का?"

"आसंल. पण बोलायचं माझं मलाच."

"मग त्याच्याकडं बघायचं सोड," ते म्हणाले. एवढंच. ते बापाचं फर्मान होतं की सेमिनारसाठी सांगितलेलं होतं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

स्टँडवर एसटी लागलेली होती. मी न राहवून विचारलं, "काकूंनी कधी फोन केला तुमाला?"

"काकूंनी?" त्यांना आश्चर्य वाटलं. "माझा नंबर तरी कुटं हाय त्यांच्याकडं. तुझी आई म्हणाली, पाचला लावला की फोन बिझी. रोज बिझी. ती लई काळजीत हुती. म्हणून आलो."

मी एसटी जाईपर्यंत तिथंच उभी राहिले. म्हणजे काकूंनी माझी चहाडी केली नव्हती. त्यांनी अण्णांना जे सांगितलं ते अण्णा आल्यावर, विचारल्यावर. फोनवर प्रपोज-प्रपोज सांगत होत्या ते त्यांच्या पुण्याच्या मुलाला, याचा अर्थ काय होतो म्हणून. हे मला त्यांनीच त्या संध्याकाळी भाकरी वाढताना सांगितलं. "त्यानं पण मला नीट सांगितलं नाही," त्या कुरकुरल्या. "म्हणतो, आई, ज्याच्या त्याच्यावर आहे."

त्यानंतर मी पाचची तालीम काकूंसमोर करायला लागले. एकटीनं, फोनशिवाय. काकू समोर बसायच्या आणि माझे डोळे कुठं जातात ते बघायच्या. "आता खिडकीकडं गेलीस. आता घड्याळाकडं." त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण मी बोलताना अडकणार हे त्यांना माझ्या आधी कळायचं. पार्टनरला मी सांगितलं की घरी जरा अडचण आहे, आता कॉलेजातच बघू. तो बरं म्हणाला. दोघांनाही अडचण काय ते माहीत होतं, आणि दोघंही त्याबद्दल बोललो नाही. लॅबमध्ये तो माझ्याशेजारी बसायचा तो समोर बसायला लागला, मग समोरही नको म्हणून तिरका.

सेमिनारच्या दिवशी सर पहिल्या बाकावर पाय लांब करून बसले होते. आमच्या आधी दोन जोड्या झाल्या. पहिल्यातला मुलगा पाठ केलेलं धडाधड बोलत होता, सरांनी मधेच थांबवलं आणि तो पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाला. सरांनी वहीत काही लिहिलं नाही, नुसतं पेनाला टोपण लावलं.

मी उभी राहिले. पार्टनर माझ्या डाव्या हाताला होता. माझी मान आपसूक डावीकडं वळायला लागली आणि मी ती अर्ध्यात थांबवली. बघायचं कुणाकडं मग? सरांशिवाय समोर कुणी नव्हतंच. मी सरांच्या डोळ्यांत बघून बोलायला लागले. इंग्रजी माझंच होतं, म्हणजे खडबडीत. काळ चुकत होते, पण वाक्य मागचं पुढच्याला धरून होतं. एका ठिकाणी सरांनी हात वर केला.

"रिपोर्टमध्ये इथं मोअरओव्हर आहे. तू म्हणाली नाहीस."

"आय रिमूव्ह्ड इट, सर."

"व्हाय?"

पार्टनर उत्तर द्यायला पुढं सरकला. सरांनी बोटानं त्याला थांबवलं. मी मग सुचलं ते सांगितलं: "द टू सेंटेन्सेस आर ऑलरेडी जॉइंड, सर. विदाऊट इट."

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत अजूनही तपासणी होतीच. मग त्यांनी गाद्यांचं रबर कुठून आणलं, किती दिवस टिकतं, मागावरच्या कामगारांना फरक वाटला का, असं विचारत नेलं. आमच्यावरचा त्यांचा संशय गेला असं ते म्हणाले नाहीत. पण प्रश्न इंग्रजीवरून मागावर गेले, आणि मागाबद्दल मला बोलता येत होतं.

मार्क चांगले पडले. दोघांना सारखे.

बाहेर आल्यावर मी घरी फोन लावला. अण्णांनीच उचलला.

"झालं का?"

"झालं. चांगलं झालं."

"त्याच्याकडं बघितलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय. सरांकडं बघून बोलले सगळं."

मग अण्णांनी विचारलं, "मास्तर म्हातारं हायती का तरणं?"

मी फोन कानापासून लांब धरून हसले, आणि पार्टनरनं काय झालं म्हणून विचारल्यावर काही नाही म्हणाले.

कँटीनमध्ये आम्ही पोहे घेतले. गर्दी होती, उभ्यानंच खाल्ले. बशी ठेवताना तो म्हणाला, "तुझे वडील त्या दिवशी म्हणाले ते... मला पण लॅबमध्ये दिसायचं. तू बघतेस ते."

"इंग्रजीसाठी बघायचे मी. तू चेहऱ्यावरून सांगायचास."

"इंग्रजीसाठीच?"

"मग कशासाठी?"

"बरं," तो म्हणाला. मला लोकांच्या बरं म्हणण्याची त्या वर्षी भीतीच बसली होती. या बरंमध्ये सुटल्याचा आनंद होता की दुसरं काही, ते मी त्याच्या चेहऱ्यावर शोधायला हवं होतं. पण मी नुकतीच त्याच्याकडं बघायचं नाही अशी सवय लावून घेतलेली. मी बाहेर पार्किंगकडं बघत राहिले.

त्यानंतर परीक्षा, निकाल, मुलाखती. मी पुण्याला एका कारखान्यात लागले, तो हैदराबादला गेला. मधे मधे सणाला मेसेज यायचा. गेल्या वर्षी त्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं, माझं आणि अण्णांचं दोघांचंही नाव घालून. अण्णा येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले, नवी टोपी घालून. काकूंनाही बोलावलं होतं. त्या गुडघ्यांमुळं आल्या नाहीत, माझ्याकडं आहेराची साडी दिली.

लग्नात सगळीकडं तेलुगू चालू होतं. अण्णा जेवले, नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून आले, आणि पार्टनरनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी त्याची पाठ थोपटली. तो मला म्हणाला, "आलीस, बरं वाटलं." मी म्हणाले, "येणारच की." नवरी छान होती. मी तिच्याशी दोन शब्द बोलले.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले. गाव सुटल्यावर ते म्हणाले, "चांगलं पोरगं हुतं."

"हुतं म्हणजे? हाय की."

"व्हय," ते म्हणाले. "हाय की." आणि बाहेर बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचा प्रयत्न केला, पण त्यांनी ते खिडकीकडून वळवलं नाही.